मिझो बंड, १९६६ ते १९८६ : निदान कुणाचे आणि उपचार कुणावर

मिझोरामची गोष्ट आपल्याकडे यशोगाथा म्हणून सांगितली जाते. वीस वर्षे जंगलातून लढलेल्या मिझो नॅशनल फ्रंट या संघटनेने १९८६ मध्ये करार केला, तिचा नेता मुख्यमंत्री झाला आणि ते राज्य आज ईशान्य भारतातल्या सर्वांत शांत राज्यांमध्ये गणले जाते. यातले एकही विधान खोटे नाही. मात्र या यशाची जी दोन स्पष्टीकरणे वारंवार दिली जातात, ती मला अपुरी वाटतात. एका मते लष्कराने बंडाचा कणा मोडला, म्हणून बंडखोर वाटाघाटींना आले. दुसऱ्या मते दिल्लीने अखेरीस उदारपणा दाखवला, म्हणून प्रश्न सुटला. दोन्ही मतांमध्ये 'सरकार' आणि 'बंडखोर' असे दोनच पक्ष गृहीत धरलेले आहेत. प्रत्यक्षात त्या डोंगरांत किमान सहा-सात पक्ष वावरत होते, आणि हा संघर्ष नेमका कशाबद्दल आहे याचे प्रत्येकाचे उत्तर वेगळे होते. या प्रकरणाचा अभ्यास करायचा तो त्या उत्तरांमधल्या अंतरासाठी.

बंडापूर्वीचे राजकारण

स्वातंत्र्याच्या वेळी लुशाई हिल्स हा आसामचा एक जिल्हा होता आणि त्याचा कारभार शिलाँगहून, म्हणजे आसामच्या तेव्हाच्या राजधानीतून, चाले. मिझो समाज तेव्हा एकमुखी नव्हता. १९४६ मध्ये स्थापन झालेली मिझो युनियन ही सामान्य मिझोंची संघटना होती आणि गावप्रमुखांची वंशपरंपरागत सत्ता संपवणे हे तिचे मुख्य उद्दिष्ट होते. भारतात राहण्याकडे तिचा कल होता, कारण जुनी सरदारी मोडण्याची आशा तिला त्यातच दिसत होती. १९४७ मध्ये निघालेल्या युनायटेड मिझो फ्रीडम ऑर्गनायझेशनला मात्र ब्रह्मदेशात सामील होणे श्रेयस्कर वाटत होते. या दोघींत मिझो युनियनच वरचढ ठरली. १९५२ मध्ये स्वायत्त जिल्हा परिषद आली, १९५४ मध्ये जिल्ह्याचे नाव 'मिझो जिल्हा' झाले आणि गावप्रमुखांचे हक्क कायद्याने काढून घेण्यात आले. म्हणजे १९५० च्या दशकाच्या मध्यापर्यंत या जिल्ह्यातली सर्वांत लोकप्रिय संघटना भारताच्या बाजूने होती आणि तिची मूळ मागणी पूर्णही झाली होती. 'हे लोक कधी भारताचे नव्हतेच' असे जे पुढे दोन्ही बाजूंनी सांगितले गेले, ते या इतिहासाशी जुळत नाही.

मग बिनसले कुठे? नेहमीचे उत्तर आहे दुष्काळ. मिझो डोंगरांत विपुल असलेल्या बांबूची एक जात सुमारे ४८ वर्षांनी एकदम फुलते, तिच्या फळांवर उंदरांची बेसुमार पैदास होते आणि फळे संपली की उंदीर उभ्या पिकांवर आणि कोठारांवर तुटून पडतात. मिझो लोक या आपत्तीला माउताम म्हणतात. १८६२ आणि १९११ या वर्षांच्या आठवणी लोकांजवळ होत्या आणि १९५९ जवळ येत होते. ऑक्टोबर १९५८ मध्ये जिल्हा परिषदेने आसाम सरकारकडे पूर्वतयारीसाठी १५ लाख रुपये मागितले. आदिवासींच्या समजुतीवर विसंबून दुष्काळाचे भाकीत करणे अशास्त्रीय आहे, अशा आशयाचे कारण देऊन ती मागणी फेटाळली गेली. पुढच्याच वर्षी बांबू फुलला आणि दुष्काळ पडला.

मात्र दुष्काळातून आपोआप बंड उभे राहत नाही. १९११ च्या दुष्काळानंतर असे काही झाले नव्हते. या वेळी दुष्काळाने एका संघटनेला घरोघरी पोहोचण्याची वाट करून दिली. लष्करात हवालदार राहिलेले आणि नंतर जिल्हा परिषदेत कारकुनी केलेले लालडेंगा हे मिझो नॅशनल फॅमिन फ्रंटचे पुढारी होते. रस्ते नसलेल्या दूरच्या गावांपर्यंत फ्रंटच्या स्वयंसेवकांनी पाठीवरून तांदूळ नेला. ऑक्टोबर १९६१ मध्ये संघटनेच्या नावातून 'फॅमिन' हा शब्द गळाला आणि मिझो नॅशनल फ्रंट उभा राहिला. त्याचे उद्दिष्ट सार्वभौम मिझोराम हे होते.

सहसा दुर्लक्षिला जाणारा धागा इथेच आहे. १९६० मध्ये आसामने असमिया ही राज्याची राजभाषा ठरवणारा कायदा केला. त्यामुळे डोंगराळ जिल्ह्यांतले पक्ष एकत्र आले आणि वेगळ्या डोंगरी राज्याची मागणी जोर धरू लागली. मिझो युनियन त्या वाटेने निघाली होती. त्यामुळे बिमला प्रसाद चालिहा यांच्या आसाम सरकारसमोरचा तातडीचा विरोधक घटनेच्या चौकटीत राहून राज्य मागणारी मिझो युनियन हा होता. नवा फ्रंट त्यांना तिच्याविरुद्धचा तोल म्हणून उपयोगी वाटला, असे या काळाच्या अनेक अभ्यासकांचे मत आहे. पूर्व पाकिस्तानात जाऊन आलेल्या लालडेंगांना १९६३ च्या अखेरीस अटक झाली आणि काही काळातच सोडूनही देण्यात आले, ही घटना त्या मताला पुष्टी देते. फ्रंट निवडणुका लढवत होता, त्यामुळे त्याच्याकडे एक प्रादेशिक पक्ष म्हणूनही पाहता येत होते. दिल्लीला हे डोंगर शिलाँगच्या डोळ्यांनी दिसत होते, आणि शिलाँग आपल्या पक्षीय गणितात गुंतले होते. गुप्तवार्ता कमी पडली, हे स्पष्टीकरण मला म्हणूनच पटत नाही. माहिती होती; तिचे वजन राजकीय सोयीने ठरत होते.

मार्च १९६६

ऑक्टोबर १९६५ च्या अखेरीस फ्रंटने पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींना निवेदन दिले. पाकिस्तानशी युद्ध नुकतेच थांबले होते. जानेवारीत शास्त्रींचे निधन झाले आणि इंदिरा गांधी पंतप्रधान झाल्या. त्यांच्या शपथविधीला जेमतेम पाच आठवडे होत असताना, २८ फेब्रुवारीच्या रात्री, फ्रंटने ऐझॉल, लुंगलेई, चम्फाई आदी ठिकाणी एकाच वेळी हल्ले चढवले. सरकारी खजिना, दूरध्वनी केंद्र आणि आसाम रायफल्स या केंद्राच्या निमलष्करी दलाच्या चौक्या ही लक्ष्ये होती. १ मार्चला ६१ जणांच्या सह्यांनी स्वातंत्र्याची घोषणा झाली.

ऐझॉलमधल्या आसाम रायफल्सच्या मुख्यालयाला वेढा पडला. हेलिकॉप्टरने कुमक उतरवण्याचा प्रयत्न खालून होणाऱ्या गोळीबारामुळे फसला. ५ मार्चला हवाई दलाच्या तुफानी आणि हंटर विमानांनी ऐझॉलवर मशिनगनचा मारा केला आणि पाठोपाठ बॉम्ब टाकले. शहरातल्या दोरपुई, छिंगा वेंग अशा वस्त्या जळाल्या आणि लोक रानात पळाले. भारताच्या हवाई दलाने भारताच्याच नागरी वस्तीवर बॉम्ब टाकल्याचा हा एकमेव ज्ञात प्रसंग आहे. विमाने माणसे आणि रसद उतरवण्यासाठी पाठवली होती, अशी तेव्हाची अधिकृत भूमिका होती.

हल्ल्याची लष्करी गरज होती की नव्हती, यावर आजही वाद होतो. चौकी पडली असती तर जिल्ह्याचे मुख्यालय हातचे गेले असते, हा युक्तिवाद हलका नाही, आणि चीनशी व पाकिस्तानशी झालेली दोन युद्धे पाठीशी असताना दिल्लीत काय भीती असेल याची कल्पना करता येते. परंतु बॉम्बने बंडखोर आणि मिझो युनियनचा मतदार यांच्यात भेद केला नाही. ज्यांनी फ्रंटला मत दिले नव्हते आणि ज्यांना फ्रंटची दहशत वाटत होती, त्यांची घरेही त्याच आगीत गेली. त्यातच हल्ला नाकारला गेल्यामुळे, भारताच्या बाजूने बोलू पाहणाऱ्या मिझो माणसाजवळ आपल्या शेजाऱ्याला सांगण्यासारखे काही उरले नाही.

गावांचे एकत्रीकरण

महिन्याभरात शहरे परत ताब्यात आली. फ्रंटचे सैनिक खेड्यांत आणि जंगलांत पांगले, आणि त्यांचे नेतृत्व पूर्व पाकिस्तानातल्या चितगाव डोंगरांत गेले. आता प्रश्न होता तो त्यांना मिळणारा भात, निवारा आणि बातम्या तोडण्याचा. त्यावर शोधलेला उपाय मलायातून घेतलेला होता. तिथल्या कम्युनिस्ट बंडाविरुद्ध ब्रिटिशांनी १९५० पासून ब्रिग्ज योजनेखाली जंगलाच्या कडेला राहणाऱ्या सुमारे पाच लाख लोकांना कुंपणाच्या नव्या गावांत हलवले होते. मिझो डोंगरांत ही मोहीम जानेवारी १९६७ मध्ये सुरू झाली. तेव्हा केंद्रीय गृहमंत्री यशवंतराव चव्हाण होते, आणि त्याआधी मार्च १९६६ मध्ये संरक्षणमंत्रीही तेच होते. मराठी वाचकाला हा इतिहास परका नाही, तो या अर्थानेही.

पहिल्या टप्प्यात सिल्चर–ऐझॉल–लुंगलेई रस्त्यालगतची १०६ गावे १८ केंद्रांत कोंबली गेली. त्या केंद्रांना 'संरक्षित आणि प्रगतिशील गावे' असे नाव दिले होते. १९७० पर्यंत जिल्ह्यातल्या ७६४ गावांपैकी ५१६ गावे रिकामी करून ११० केंद्रांत आणली गेली आणि १३८ गावांना हात लावला गेला नाही. ग्रामीण लोकसंख्येपैकी जवळपास ८० टक्के लोक या उलथापालथीत सापडले. आधी भारत संरक्षण नियमांचा आधार घेतला गेला. १९६२ ची आणीबाणी जानेवारी १९६८ मध्ये उठल्यावर आसामच्या १९५३ च्या सार्वजनिक सुव्यवस्था कायद्याचा आधार घ्यावा लागला.

हे काम प्रत्यक्षात कसे झाले, त्याचा एक प्रसंग एका लष्करी अधिकाऱ्याने पुढे सांगितला आणि तो छापूनही आला. गाव होते दारझो, त्या भागातल्या सुखवस्तू गावांपैकी एक. लोकांनी उचलता येईल तेवढे सामान घेऊन ह्नाहथियालला चालत जायचे, उरलेले गाव जाळायचे, नेता न येणारे धान्य बंडखोरांच्या हाती पडू नये म्हणून नष्ट करायचे, असा हुकूम होता. आपल्या घराला आग लावायला गावातला कुणी तयार होईना, तेव्हा ते काम सैनिकांना करावे लागले. त्यानंतर त्या अधिकाऱ्याला ग्रामपरिषदेच्या प्रमुखांकडून दोन कागदांवर सह्या घ्यायच्या होत्या. बंडखोरांच्या जाचामुळे आम्ही स्वखुशीने स्थलांतर मागितले, असे एकात होते. गाव आम्हीच जाळले आणि आमच्यावर कुणीही जबरदस्ती केली नाही, असे दुसऱ्यात होते. त्यांनी नकार दिला. अखेर एकेकाला समोर बसवून पिस्तूल दाखवून सह्या घ्याव्या लागल्या, असे त्या अधिकाऱ्याचे सांगणे आहे.

या दोन कागदांचा मी बराच विचार केला आहे. लष्करी मोहिमेला त्यांची गरज नव्हती. गरज होती ती राज्यसंस्थेला, कारण आपल्याच नागरिकांना संमतीशिवाय हलवता येत नाही हे तिला ठाऊक होते. कायद्याच्या राज्याची जाणीव जिवंत होती, आणि नेमक्या तिच्याच पूर्ततेसाठी संमतीचा खोटा पुरावा तयार केला गेला. ब्रिटिशांनी मलायात असा कागद घेण्याची तसदी घेतली नसती, कारण तिथे ते परके सत्ताधारी होते. ज्या लोकांना आपण आपले नागरिक म्हणतो त्यांच्याविरुद्ध सैन्य वापरताना लोकशाही सरकार किती अडचणीत येते, याचा दारझोइतका उघडा पुरावा मला दुसरा माहीत नाही.

मलायाची योजना इथे उचलून आणण्यात आणखी दोन मूलभूत चुका झाल्या. पहिली शेतीची. मिझो शेतकरी फिरती शेती करत. डोंगराचा एक पट्टा तोडून, जाळून, वर्ष-दोन वर्षे पिकवायचा आणि पुढच्या पट्ट्याकडे वळायचे, अशी ती पद्धत. गाव हलले आणि संचारबंदी लागली की सूर्यास्ताच्या आत घरी परतणाऱ्याला शेतापर्यंत पोहोचायलाच वेळ पुरत नसे. केंद्राभोवतीची जमीन भराभर कस गमावू लागली, धान्य घटले आणि स्वतःचे पोट भरणारी गावे सरकारी शिध्यावर आली. दुष्काळाच्या वेळी वेळेवर शिधा न दिलेल्या सरकारने आता शेती हिसकावून शिधा हातावर ठेवला, असे लोकांना वाटले तर त्यात नवल नाही. दुसरी चूक राजकीय होती. मलायात हलवलेले लोक मुख्यतः एका समाजाचे होते आणि बहुसंख्य मलाय समाज बंडाबाहेर होता. शिवाय स्वातंत्र्य नजरेच्या टप्प्यात होते. मिझो डोंगरांत जवळजवळ सगळा ग्रामीण समाजच हलवला गेला. १९४७ मध्ये अनेक मतांत विभागलेला हा समाज ओळखपत्रे, हजेरी, कुंपण आणि ओझी वाहण्याची सक्ती यांच्या सामायिक अनुभवाने एकत्र आला. मिझो या काळाला रामबुआई, म्हणजे अशांत भूमीचा काळ, म्हणतात आणि त्याच्या आठवणी आजही घराघरांत सांगितल्या जातात.

एकत्रीकरणाने फ्रंटची रसद तुटली, हे मान्य केलेच पाहिजे. खेड्यांतून मुक्त संचार करणे बंडखोरांना अशक्य झाले आणि त्यांची उपासमार झाली. रस्त्याकडेच्या मोठ्या वस्त्यांमुळे पुढे शाळा व दवाखाने पोहोचवणे सोपे गेले, असेही सांगितले जाते. पण फ्रंट मोडला नाही. १९७१ मध्ये बांगलादेश झाला आणि पूर्व पाकिस्तानातला आसरा गेला, तेव्हा त्याला खरा धक्का बसला, आणि तो धक्का वस्ती-केंद्रांतून आलेला नव्हता.

मधली माणसे

२१ जानेवारी १९७२ रोजी मिझोराम केंद्रशासित प्रदेश झाला. आसामशी असलेले नाते तुटल्यामुळे मूळ भांडणातला मोठा भाग तिथेच निकाली निघाला होता. आता पुढे आली ती दोन्ही बंदुकांच्या मधली माणसे. चर्चने सुरुवातीपासून हिंसेचा निषेध केला होता आणि जंगलातल्या नेत्यांशी बोलण्याची दारेही उघडी ठेवली होती. जवळजवळ प्रत्येक कुटुंब ज्या संस्थेत बसते, तिचा शब्द झिडकारणे फ्रंटला परवडणारे नव्हते. दुसरे नाव ब्रिगेडियर टी. सायलो यांचे. भारतीय लष्करातून निवृत्त झालेल्या या अधिकाऱ्याने लष्कराच्या अतिरेकांविरुद्ध मानवी हक्कांचा प्रश्न उभा केला, पीपल्स कॉन्फरन्स पक्ष काढला, आणीबाणीत तुरुंगवास भोगला आणि १९७८ मध्ये निवडणूक जिंकून मुख्यमंत्रिपद मिळवले. सरकारी हिशेबात त्यांना कोणत्या रकान्यात घालायचे? ते लष्कराचे टीकाकार होते, फ्रंटचे प्रतिस्पर्धी होते आणि भारतीय घटनेच्या चौकटीत उभे होते. लष्कराचा अतिरेक बोलून दाखवणाऱ्या प्रत्येकाला बंडाचा सहानुभूतीदार समजणाऱ्या यंत्रणेला अशी माणसे कळत नाहीत, आणि मिझोंना बंदुकीशिवाय आपले गाऱ्हाणे मांडता येते हे सिद्ध केले ते अशाच माणसांनी.

फ्रंटची वाटही सरळ नव्हती. जानेवारी १९७५ मध्ये त्याच्या माणसांनी ऐझॉलच्या पोलीस मुख्यालयात घुसून तीन वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यांना ठार मारले. त्याच सुमारास लालडेंगा परदेशातून भारत सरकारशी संपर्क साधत होते. १ जुलै १९७६ ला करार झाला, त्यात फ्रंटने भारतीय घटनेच्या मर्यादेत तोडगा मान्य केला, पण अंमलबजावणी झाली नाही आणि १९७८ पर्यंत बोलणी मोडली. फ्रंटमध्ये फूट पडली, १९७९ मध्ये बिगर-मिझोंना निघून जाण्याच्या नोटिसा निघाल्या आणि हिंसा पुन्हा वाढली. प्रत्येक फेरीत एक पेच होता. लालडेंगांना अंतरिम सत्ता हवी होती, आणि निवडून आलेले सायलो सरकार बाजूला करून ती बंडखोराला द्यायची तर निवडणुकीची किंमत काय, हा सायलो यांचा आक्षेप बिनतोड होता.

तो पेच सुटला तो सत्तेवर दुसरा पक्ष आल्यामुळे. १९८४ मध्ये काँग्रेसचे लाल थान्हॉला मुख्यमंत्री झाले आणि करारासाठी पद सोडण्याची तयारी त्यांनी दाखवली. दिल्लीत आणि ऐझॉलमध्ये एकाच पक्षाची सरकारे असल्यामुळे असा त्याग मागता आला आणि मिळालाही. ३१ ऑक्टोबर १९८४ रोजी लालडेंगा इंदिरा गांधींना भेटणार होते. त्याच सकाळी इंदिरा गांधींची हत्या झाली. राजीव गांधींच्या काळात बोलणी पुन्हा सुरू झाली आणि ३० जून १९८६ रोजी करारावर सह्या झाल्या. केंद्राच्या वतीने सही करणारे गृहसचिव राम प्रधान त्याच दिवशी निवृत्त होणार होते. ऑगस्टमध्ये लालडेंगा मुख्यमंत्री झाले. त्रेपन्नाव्या घटनादुरुस्तीने आलेल्या कलम ३७१ जी नुसार मिझोंच्या धार्मिक व सामाजिक प्रथा, रूढिगत कायदा आणि जमिनीची मालकी यांवरचे संसदेचे कायदे विधानसभेच्या संमतीशिवाय लागू होणार नव्हते. २० फेब्रुवारी १९८७ ला मिझोराम राज्य झाले. शेजारच्या राज्यांतल्या मिझो वस्त्या जोडून 'बृहन्मिझोराम' करण्याच्या मागणीवर केंद्राने काहीही वचन दिले नाही, आणि फ्रंटने तरीही सही केली.

या तोडग्याच्या सीमा

हा तोडगा टिकला, याची कारणे मला स्थानिक आणि बरीचशी योगायोगाची दिसतात. फ्रंट ही फुटीनंतरही मुख्यतः एकच संघटना राहिली आणि लालडेंगांचा शब्द तिच्यात चालत होता. नागा प्रदेशात १९७५ चा शिलाँग करार भूमिगतांच्या एका गटाशी झाला, बाकीच्यांनी तो नाकारला आणि १९८० मध्ये त्या नकारातून नॅशनल सोशालिस्ट कौन्सिल ऑफ नागालँड (एनएससीएन) ही अधिक कडवी संघटना जन्मली. मिझोराममध्ये निवडणुकीतल्या पराभवाने करार मोडला नाही, हेही महत्त्वाचे. १९८७ मध्ये निवडून आलेले लालडेंगांचे सरकार दुसऱ्याच वर्षी पक्षांतराने पडले, १९८९ ची निवडणूक ते हरले, तरी कुणी जंगलात परत गेले नाही. १९९८ मध्ये त्यांचे सहकारी झोरामथांगा मतपेटीतून सत्तेवर आले, आणि २००७ च्या सुमारास पुढचा बांबू फुलला तेव्हा दुष्काळविरोधी योजना राबवण्याची जबाबदारी त्यांच्याच सरकारवर होती.

तोडगा मिझो आणि दिल्ली यांच्यातला होता. राज्याच्या सीमेत राहणाऱ्या लहान समाजांचा त्यात मर्यादित विचार झाला. हमार समाजातल्या सशस्त्र चळवळीशी १९९४ मध्ये वेगळा करार करावा लागला. ब्रू लोकांनी स्वायत्त जिल्हा परिषद मागितली, तेव्हा स्वतःच्या स्वायत्ततेसाठी वीस वर्षे लढलेल्या राजकारणाने ती मागणी राज्याच्या अखंडतेवरचा घाला मानली. १९९७ मध्ये वांशिक हिंसा झाली आणि ३० हजारांहून अधिक ब्रू लोक त्रिपुरात पळाले. ते छावण्यांत दोन दशकांहून अधिक काळ राहिले. जानेवारी २०२० मध्ये केंद्र, त्रिपुरा, मिझोराम आणि ब्रू प्रतिनिधी यांच्यात ६०० कोटी रुपयांच्या पुनर्वसनाचा करार झाला. त्यात त्यांची वस्ती मिझोराममध्ये नव्हे, तर त्रिपुरात ठरवण्यात आली.